नोआ गेले, आता मेटिऑर: गच्चीवरून उपग्रहाची हवामानचित्रं

गच्चीकर (धागाकर्ता)

हवामान उपग्रहांची चित्रं घरच्या अँटेनाने थेट पकडायच्या छंदावर जालावर जे काही सापडतं, त्यातलं बरंचसं अजून "नोआ-१९, १३७.१ मेगाहर्ट्झ, टिकटिक ऐकू आली की रेकॉर्ड करा" इथेच अडकलेलं आहे. ती टिकटिक आता नाही. अमेरिकेच्या नोआ हवामान उपग्रहांपैकी नोआ-१८ जून २०२५ मध्ये निवृत्त झाला, नोआ-१९ आणि नोआ-१५ ऑगस्ट २०२५ मध्ये. डिसेंबर १९६३ च्या टायरॉस-८ पासून चालत आलेलं एपीटी हे ॲनालॉग प्रसारण त्यांच्याबरोबरच संपलं. नवा माणूस जुनं मार्गदर्शन वाचून रिकाम्या वॉटरफॉलकडे (पडद्यावरच्या सिग्नलच्या आलेखाकडे) बघत बसतो आणि दोष आपल्या अँटेनाला देतो. म्हणून हा धागा.

अँटेना, डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ), केबल, काहीही फेकू नका. त्याच पट्ट्यात, म्हणजे १३७ ते १३८ मेगाहर्ट्झमध्ये, रशियाचे मेटिऑर-एम एन२-३ (जून २०२३ मध्ये सोडलेला) आणि एन२-४ (फेब्रुवारी २०२४) आहेत. प्रसारण डिजिटल, नाव एलआरपीटी. एपीटीत एका पिक्सेलमध्ये ४ किमी मावायचे, इथे १ किमी. चित्राचा पट्टा सुमारे २८०० किमी रुंद. उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचे चॅनल सहा, त्यातले एका वेळी तीन येतात.

एपीटीचा सिग्नल क्षीण झाला की चित्रावर खरखर यायची, पण किनारा तरी ओळखू यायचा. एलआरपीटीत मधली अवस्था नाही. एक तर स्वच्छ चित्र, नाही तर काळी पट्टी. त्यामुळे एपीटीच्या काळात खपून गेलेली ढिलाई आता खपत नाही.

सामान असं. आरटीएल-एसडीआर डोंगल, १ पीपीएम टीसीएक्सओवाला, म्हणजे तापमानाने फारसा न सरकणारा स्फटिक असलेला, चूक दहा लाखांत एक. साध्या निळ्या डोंगलनेही काम होतं, पण त्याला आधी दहा मिनिटं चालू ठेवून तापू द्यावं लागतं, नाहीतर वारंवारता सरकत राहते. अँटेना म्हणून व्ही-डायपोल: ४ ते ६ मिमी जाडीचे दोन ॲल्युमिनियम रॉड, प्रत्येकी ५३.४ सेंमी, मधला कोन १२० अंश. रॉडचं माप स्क्रूखाली गेलेल्या भागासकट धरायचं. जोडायला इलेक्ट्रिकच्या दुकानातली कनेक्टर स्ट्रिप, बसवायला पीव्हीसी पाइप आणि प्लायचा तुकडा. एका रॉडला केबलची मधली तार, दुसऱ्याला जाळी. कुठली कुठे, याने फरक पडत नाही.

हा व्ही आडवा, जमिनीला समांतर ठेवायचा आणि त्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करायचं. हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे जातात, म्हणून ही दिशा. उपग्रहाचा सिग्नल उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा आहे आणि आपला डायपोल सरळ, त्यामुळे ३ डीबी आपण सोडून देतो. त्या बदल्यात जमिनीवरचे जे उभे प्रसारण अँटेने आहेत (वॉकीटॉकी, पेजर, विमानतळ) त्यांचा उपद्रव बराच कमी होतो. शहरात हा सौदा फायद्याचाच.

सॉफ्टवेअर एकच पुरे: सॅटडम्प. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, तिन्हीवर चालतं. रेकॉर्डरमध्ये डोंगल निवडा, सॅम्पल रेट १.०२४ (सेकंदाला दशलक्ष नमुने), वारंवारता १३७.९, पाइपलाइन (डीकोड करायची पद्धत) 'मेटिऑर एम२-एक्स एलआरपीटी ७२के'. उपग्रह क्षितिजावर यायच्या आधी सुरू करा, मावळला की थांबवा, चित्रं फोल्डरमध्ये तयार. पासच्या, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जायच्या, वेळा सॅटडम्पच्या ट्रॅकिंगमध्ये, जीप्रेडिक्टमध्ये किंवा फोनवर लुक४सॅटमध्ये बघता येतात. कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई, आठवड्याने ताजी करत चला.

एक पथ्य: दोन्ही उपग्रह १३७.९ आणि १३७.१ यांपैकी कुठेही असू शकतात, बदल होतात. शंका असेल तर केंद्र १३७.५ आणि सॅम्पल रेट २.०४८ ठेवा. दोन्ही जागा एकाच वॉटरफॉलमध्ये दिसतात. साधारण १२० किलोहर्ट्झ रुंदीचा, सपाट माथ्याचा पट्टा शोधायचा. बारीक रेघ दिसली तर ते काही तरी दुसरं आहे.

---

मृगधारा

चांगला धागा, वाचनखूण साठवली. दोन शंका. घरात डीटीएचची आरजी-६ केबल पडून आहे, ती ७५ ओहमची. डोंगल ५० ओहमचं. चालेल का, की ५० ओहमची आरजी-५८ विकत आणू? आणि गच्चीपासून खोलीपर्यंत २० मीटर होतात, त्यासाठी एलएनए (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लागेलच ना?

---

ओहमबाबा

ताई, आरजी-६ च वापरा, बिनधास्त. ७५ आणि ५० च्या विसंगतीने जाणारा सिग्नल ०.२ डीबीपेक्षाही कमी. उलट १३७ मेगाहर्ट्झला आरजी-५८ शंभर मीटरला १७ डीबीच्या आसपास खाते, आरजी-६ सात-साडेसात. म्हणजे तुमच्या २० मीटरला आरजी-५८ ने साडेतीन डीबी जातील, आरजी-६ ने दीड. पैसे देऊन वाईट केबल आणायचं कारण नाही. डोंगलबरोबर येणारी काडीएवढी बारीक काळी केबल मात्र आरजी-१७४ असते, ती लांबवू नका.

आरजी-६ ची अडचण वेगळीच आहे. तिची जाळी ॲल्युमिनियमची, तिला डाग (सोल्डर) लागत नाही. त्यामुळे डोंगलच्या बाजूला दाबून बसवायचा एफ कनेक्टर आणि एफ-टू-एसएमए अडॅप्टर. पिळून बसवायचा एफ कनेक्टर घेऊ नका, तो सहा महिन्यांत ढिला होतो आणि सिग्नल हात लावला की येतो, सोडला की जातो. अँटेनाच्या बाजूला जाळी मागे दुमडून, पिळून, स्ट्रिपच्या स्क्रूखाली घट्ट दाबा.

एलएनए: लागेलच असं नाही. दीड डीबीसाठी तर नाहीच. लोक सगळ्यात आधी एलएनए मागवतात आणि शहरात राहत असतील तर परिस्थिती आणखी बिघडवतात, कारण तो एफएम स्टेशनांनाही तितकंच फुगवतो. क्रम असा ठेवा: आधी जागा, मग केबल, मग ८८ ते १०८ चा एफएम नॉच फिल्टर (तो पट्टा कापणारा), आणि त्यानंतरही कमी पडलं तर १३७ चा सॉ फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा जाऊ देणारा) असलेला एलएनए. तोही अँटेनाच्या बुडाशी. डोंगलजवळ लावलेला एलएनए केबलने आधीच खाल्लेलं परत आणत नाही.

एलएनएला वीज केबलमधूनच जाते, डोंगलचा बायस-टी साडेचार व्होल्ट देतो. व्ही-डायपोल डीसीला उघडा असतो, त्यामुळे चुकून एलएनएशिवाय बायस-टी चालू राहिला तरी काही होत नाही. क्यूएफएच (वेटोळ्या चौकटींचा अँटेना) किंवा कुठलाही बंद लूपचा अँटेना डीसीला शॉर्ट असतो. तिथे एलएनए मध्ये नसताना बायस-टी चालू केला तर डोंगलवर शॉर्ट बसतो.

---

वऱ्हाडी_वेव्ह

भाऊ, नागपूरकडून एक विचारतो. वॉटरफॉलमध्ये पट्टा मस्त दिसून राहिला, पण सॅटडम्पमध्ये डीफ्रेमर (चित्राचा डेटा जुळवणारा भाग) सगळा पास 'नोसिंक' लाल. मधल्या चौकोनात ठिपक्यांचा नुसता गोळा. एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर) चार-पाच दाखवतो. कुठं बघायचं?

---

सह्यवारा

भाऊ, ठिपक्यांच्या चौकोनावरूनच निदान होतं. चार कोपऱ्यांत चार पुंजके दिसले की सिग्नल पकडलाय. गोळा किंवा फिरतं कडं दिसलं की डीमॉड्युलेटर पकडू शकलेला नाही. पट्टा स्पष्ट असून असं होत असेल तर या क्रमाने बघा.

पाइपलाइन. ७२के आणि ८०के असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. चुकून ८०के निवडला गेला की सिग्नल कितीही चांगला असो, पुंजके कधीच होत नाहीत. जुन्या 'मेटिऑर एम२' नावाच्या पाइपलाइनचंही तेच, ती आता निकामी झालेल्या उपग्रहासाठी होती. दहातल्या सहा जणांचं दुखणं इथेच निघतं, असा माझा अंदाज.

वारंवारता. उपग्रह १३७.१ वर आणि तुम्ही १३७.९ वर, असं असेल तर पट्टा मधोमध दिसणार नाही. पट्ट्याच्या मधोमध रेघ येईल असं ठेवा. डॉप्लरची काळजी करू नका, १३७ ला तो फार तर ३ किलोहर्ट्झ असतो, सॅटडम्प सांभाळून घेतं. पण टीसीएक्सओ नसलेलं डोंगल ५० पीपीएम चुकत असेल तर ती चूक ७ किलोहर्ट्झ होते. ती पीपीएमच्या खिडकीत दुरुस्त करा.

गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं ते. ऑटो गेन म्हणजे एजीसी बंद. हाताने ३० डीबीच्या आसपास सुरू करा, पास चालू असताना एकेक पायरी वाढवत न्या. नॉइजची जमीन (गोंगाटाची तळपातळी) आणि सिग्नलचा माथा दोन्ही सारखेच वर जायला लागले की त्यापुढे वाढवण्यात अर्थ नाही, एक पायरी मागे या. आणि वॉटरफॉलमध्ये एका झटक्यात सगळीकडे रेघा उगवल्या, तर डोंगलचा घसा भरला, कमी करा.

एवढं करून लॉक नसेल तर थेट डीकोड करण्याऐवजी बेसबँड, म्हणजे कच्चा सिग्नल, रेकॉर्ड करा. १.०२४ ला आठ बिटांत सेकंदाला २ एमबी, म्हणजे पंधरा मिनिटांच्या पासला पावणेदोन-दोन जीबी. मग त्याच फाइलवर वेगवेगळ्या पाइपलाइन हव्या तितक्या वेळा लावून बघता येतात, पुढच्या पासची वाट बघावी लागत नाही.

---

वऱ्हाडी_वेव्ह

८०के च होतं. 🙏 आता सिंक हिरवा. पण चित्रात मध्येच बारीक काळ्या रेघा येऊन राहिल्या, एसएनआर दहाच्या वर असतानाही.

---

सह्यवारा

मग हवेतला दोष नाही, यूएसबीचा आहे. सिग्नल जोरदार असताना क्षणभर लॉक सुटतो तेव्हा सॅम्पल गळताहेत असं समजा. सॅम्पल रेट २.४ असेल तर १.०२४ वर आणा. यूएसबी हब काढा. लॅपटॉप बॅटरी-बचत मोडमध्ये असेल तर तो बंद. डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला चिकटवून लावू नका, त्यातून रेडिओ गोंगाट येतो. अर्धा-एक मीटरची चांगली एक्स्टेंशन केबल मध्ये घाला आणि तिच्यावर फेराइटचा मणी चढवा.

लॅपटॉपचा चार्जर काढून एक पास घेऊन बघा. बऱ्याच घरांत नॉइजची जमीन तेवढ्यानेच खाली येते. इन्व्हर्टर, एलईडी ट्यूब, लिफ्टचा ड्राइव्ह, सोलरचा इन्व्हर्टर हे बाकीचे संशयित. लिफ्टच्या मशीनरूमच्या शेजारी अँटेना उभा करणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

---

दर्यावर्दी

कोकणातून पावसाळ्यापुरती भर घालतो, कारण पहिल्या पावसानंतर "अचानक काहीच येत नाही" हा प्रश्न हमखास येतो.

पाणी केबलमध्ये वरच्या टोकातून शिरतं आणि जाळीतून झिरपत खाली उतरतं. एकदा जाळी काळी-हिरवी पडली की ती केबल गेली, वाळवून उपयोग नाही. म्हणून स्ट्रिपवरचा जोड पीव्हीसीच्या छोट्या डबीत, भोकं खालच्या बाजूला, आणि केबल डबीतून बाहेर येताच तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. उघड्या कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, तिच्यावर साधी काळी पीव्हीसी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल-क्युअर लिहिलेलं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तांबं खातं.

दुसरं, ॲल्युमिनियमचा रॉड आणि तांब्याची तार थेट एकमेकांना लावली की खाऱ्या हवेत एका मोसमात पांढरी भुकटी जमते आणि जोड तुटतो. मध्ये कल्हई केलेला लग किंवा स्टेनलेसचा वॉशर घाला. आरजी-६ च्या ॲल्युमिनियम जाळीचा इथे फायदाच होतो.

वीज: गडगडाट ऐकू आला की केबल डोंगलपासून काढून खिडकीबाहेर. गच्चीवरचा लोखंडी पाइप अर्थ केलेला असावा. पण थेट वीज पडली तर अर्थिंगही डोंगलला वाचवणार नाही, त्यामुळे वळवाच्या दिवसांत केबल लावून ठेवून बाहेरगावी जाऊ नका.

---

मृगधारा

अँटेना उभा केला. आडवे पास (कमाल उंची ३०-४० अंश) सुरेख येतात, पण थेट डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये ऐन मध्यावर चित्र तुटतं. उलट व्हायला हवं ना? पाइप गच्चीच्या स्लॅबपासून साधारण एक मीटर उंच आहे.

---

ओहमबाबा

ती एक मीटर उंचीच नडते आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी आहे, ती आरसा होते. १३७.५ ला तरंगलांबी २.१८ मीटर. आडवा डायपोल आरशापासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे १.०९ मीटरवर असला की थेट येणारी आणि परावर्तित लाट डोक्यावरच्या दिशेने एकमेकींना खोडतात. सळ्या स्लॅबच्या पृष्ठभागाखाली काही सेंटीमीटर असतात हे धरा, म्हणजे तुम्ही बरोबर त्या खड्ड्यात आहात. पाव तरंगलांबीवर, ५०-५५ सेंमीवर आणा, माथ्यावरचा सिग्नल उलट वाढेल.

---

गच्चीकर (धागाकर्ता)

ओहमबाबांचं गणित बरोबर, पण पाव तरंगलांबीवर आणलं की क्षितिजाजवळचं जातं, आणि गच्चीला तीन फुटी कठडा असेल तर त्याच्या आडही जातं. माझं मत वेगळं: उंच जा. दोन-अडीच मीटरवर पाकळ्या (जोरदार दिशा) जास्त आणि खड्डे (क्षीण दिशा) अरुंद होतात. उपग्रह प्रत्येक खड्ड्यातून पटकन निघून जातो.

---

ओहमबाबा

दोन मीटर म्हणू नका, २.१८ ला माथ्यावर पुन्हा खड्डा आहे. पाऊण तरंगलांबी, १.६ मीटर घ्या. माथाही भरतो, कठडाही ओलांडतो. आणि तो खड्डा अरुंद असला तरी एलआरपीटीत पुन्हा सिंक व्हायला वेळ जातो, एपीटीसारखं नाही.

---

गच्चीकर (धागाकर्ता)

१.६ मान्य. ज्यांना कठडा नाही आणि फक्त महाराष्ट्र व अरबी समुद्रच हवा आहे त्यांनी ५५ सेंमी ठेवावं, हेही मान्य.

---

सह्यवारा

मृगधारा ताई, तुटणारा पास एन२-३ चा होता का तेही बघा. त्याचा व्हीएचएफ अँटेना अवकाशात नीट उलगडलेला नाही, त्यामुळे काही कोनांतून सिग्नल आपोआपच पडतो. अँटेनाची तब्येत एन२-४ वरच तपासायची. मेटिऑर मालिकेला नशिबाची साथ तशीही कमीच: २०१७ चा एन२-१ कक्षेत पोचलाच नाही, एन२-२ जुलै २०१९ मध्ये गेला आणि त्याच डिसेंबरात अवकाशातल्या कणाच्या धडकेने त्याचं एलआरपीटी संपलं.

---

अवकाळी

मुंबईत विमानतळाच्या जवळ राहणाऱ्यांसाठी. विमानांचा आवाजी पट्टा ११८ ते १३७ पर्यंत येतो आणि १३६.९७५ वर विमानांची डेटा लिंक आहे. १३७.१ वरच्या एलआरपीटीची खालची कड तिथून जेमतेम ६५ किलोहर्ट्झवर. वॉटरफॉलमध्ये पट्ट्याच्या डावीकडे क्षणाक्षणाला पांढरे ठोके दिसतात ते हेच, आणि प्रत्येक ठोक्याला डोंगल आंधळं होत असेल तर एफएम नॉच काही करू शकत नाही, सॉ फिल्टरही इतक्या जवळचं कापत नाही. गेन उतरवणं हाच उपाय. शक्य असेल तेव्हा १३७.९ वरचा उपग्रह धरा, तिथे शांतता आहे.

आता चित्राबद्दल विचारतो. रात्रीच्या पासला सिंक हिरवा, फाइल भरलेली, पण चित्र पूर्ण काळं. आणि संध्याकाळी काही चित्रं उलटी येतात, श्रीलंका वर.

---

गच्चीकर (धागाकर्ता)

उलटी येतात कारण उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जात होता. पहिली ओळ दक्षिणेची, म्हणून ती वर. सॅटडम्पमध्ये चित्र १८० अंशांत फिरवायची सोय आहे, आणि नकाशावर प्रोजेक्ट केलं तर प्रश्नच मिटतो.

काळं चित्र म्हणजे उपग्रह त्या वेळी १-२-३ हे चॅनल पाठवत होता. ते तिन्ही सूर्यप्रकाशावर चालतात. ४, ५, ६ उष्णतेचे. पाचवा चॅनल (१०.५ ते ११.५ मायक्रॉन) चालू असेल तर रात्रीही ढग दिसतात. कुठले तीन लावायचे ते रशियातून ठरतं, आपल्या हातात काही नाही.

चित्र कसं वाचायचं याबद्दल थोडं, कारण बहुतेक जण रंगीत कॉम्पोझिट (तीन चॅनल मिळून केलेलं चित्र) बघतात आणि फोल्डर बंद करतात. दुसरा चॅनल एकटा, कृष्णधवल उघडा. तो जवळच्या अवरक्तातला आहे, त्यात पाणी जवळजवळ काळं आणि हिरवळ उजळ येते. ढग नसलेल्या दिवशी जायकवाडी आणि उजनी काळे डाग म्हणून सुटे दिसले पाहिजेत, कोयनेचा जलाशय दक्षिणोत्तर बारीक रेघ. उजनीचा बोटांसारखा आकार ओळखू येत असेल तर तुमची साखळी उत्तम चालू आहे. लोणारला मात्र दोन पिक्सेलच मिळतात, तिथे हट्ट करू नका.

मग ३-२-१ कॉम्पोझिट. तिसरा चॅनल १.६ मायक्रॉनचा, बर्फ तो शोषून घेतो, म्हणून हिमालयावरचं बर्फ निळसर-हिरवट आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानावरचं धुकं हिमालयाच्या पायथ्याशी कापल्यासारखं थांबलेलं दिसतं, आणि वर निळं बर्फ. फक्त १-२ च्या चित्रात दोन्ही पांढरीच दिसतात. ढगांचे उंच माथेही बर्फकणांचे, तेही निळसर येतात. मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळ उभं राहत असेल तेव्हा खालचे पांढरे पट्टे आणि वरचं निळसर छत्र वेगळे ओळखता येतात.

पुण्याहून १० अंशांच्या वर मोकळं आकाश असेल तर एका पासमध्ये हिंदुकुशपासून मालदीवच्या टोकापर्यंत पट्टा मिळतो. क्षितिजापर्यंत मोकळं असेल तर कझाकस्तान. एका उपग्रहाचे दिवसाला साधारण चार पास उपयोगाचे, त्यातले दोनच भरघोस.

---

चातक

नोआ-२० आणि २१ तर चालू आहेत ना? आणि आपला इन्सॅट घरी का नाही घेता येत?

---

ओहमबाबा

नोआ-२० आणि २१ थेट प्रसारण करतात, पण ७८१२ मेगाहर्ट्झवर. १३७ ला त्यांचं काहीच नाही. उपग्रहामागे मोटरने फिरणारी डिश, एक्स-बँडचा डाउनकन्व्हर्टर आणि महाग एसडीआर लागतो. सुरुवातीला नकोच.

इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्वेला आणि इन्सॅट-३डीएस (फेब्रुवारी २०२४) ८२ अंशाला, म्हणजे आपल्या डोक्यावरच, पण त्यांचा कच्चा डेटा ४.८ गिगाहर्ट्झच्या आसपास मोठ्या भूकेंद्रांसाठी उतरतो. छंदिष्टांसाठी एलआरपीटीसारखं प्रसारण त्यांच्यावर नाही. त्यांची चित्रं इस्रोच्या मोसडॅकच्या आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर बघायची.

---

वऱ्हाडी_वेव्ह

भूस्थिर उपग्रह डिशने घ्यायचा असल मंग कोणता? डीटीएचची ६० सेंमीची डिश पडून आहे.

---

सह्यवारा

कोरियाचा जीके-२ए, १२८.२ अंश पूर्व. एलआरआयटी हे त्याचं चित्रप्रसारण १६९२.१४ मेगाहर्ट्झवर, ६४ किलोबिट, त्यामुळे आरटीएल-एसडीआरला सोपं. दर दहा मिनिटांनी पृथ्वीची पूर्ण तबकडी, पण फक्त १०.५ मायक्रॉनचा उष्णतेचा चॅनल, २२०० × २२०० पिक्सेल. महाराष्ट्र तबकडीच्या डाव्या बाजूला, तिरका. डेटा कुलूपबंद येतो, किल्ली कोरियाच्या हवामान खात्यानेच उपलब्ध केलेली आहे, ती फाइल सॅटडम्पला द्यावी लागते.

नागपूरहून दिशा साधारण १०७ अंश, म्हणजे पूर्वेच्या किंचित दक्षिणेला, उंची ३० अंश. मुंबईहून १०३ आणि २५ अंश. पूर्वेला इमारत असेल तर विषय संपला. डीटीएचची डिश ऑफसेट असते, दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघते, त्यामुळे ३० अंशांसाठी तिचं तोंड जवळजवळ उभंच राहील. आकाशाकडे वळवून ठेवू नका.

६० सेंमीत काठावर जमेल. २.४ गिगाहर्ट्झची वायफायची जाळीदार ग्रिड डिश मिळाली तर ती बरी, तिचा फीड (डिशसमोरचा छोटा अँटेना) तयार असतो. १.७ गिगाहर्ट्झचा सॉ फिल्टरवाला एलएनए मात्र इथे ऐच्छिक नाही, आणि तो फीडला चिकटूनच हवा. या वारंवारतेला आरजी-५८ मीटरमागे पाऊण डीबी खाते. सिग्नल सरळ ध्रुवीकरणाचा आहे आणि आपण उपग्रहाच्या इतके पश्चिमेला आहोत की तो नागपुरात साठेक अंशांनी कललेला पोचतो. म्हणून फीड (ग्रिड असेल तर अख्खी डिश) स्वतःभोवती फिरवत एसएनआर बघत जा. दिशा बरोबर असून सिग्नल नसेल तर नव्वद अंश फिरवून बघितल्याशिवाय हार मानू नका.

---

ओहमबाबा

आणि त्याच डिशने मेटिऑरचं १७०० मेगाहर्ट्झचं एचआरपीटी घ्यायचं असेल, म्हणजे सहाही चॅनल, जेपीईजीच्या चौकटींशिवाय, तर फीड हेलिक्सचा करा: ५.६ सेंमी व्यासाचे पाचेक वेढे, मागे तेरा सेंमीची पत्र्याची तबकडी. वेढे डावे. उपग्रहाचा सिग्नल उजवा असतो, डिशवरून उसळला की डावा होतो. उजवे वेढे दिले की वॉटरफॉलमध्ये काही दिसत नाही आणि माणूस एलएनए बदलत बसतो. डिश हाताने फिरवायची, पासभर. ८० सेंमी असेल तर हाताला सवय होईपर्यंत चित्रात पट्ट्या येतील, ६० ला कमी येतील कारण तिचा झोत रुंद.

---

मृगधारा

१.६ मीटर केलं. माथ्यावरचा पास सलग आला, उजनी दिसतंय. दर्यावर्दी, डबीची भोकं खाली ठेवली तर मुंग्या-गांधीलमाशा घर करतात, त्याचं काय?

---

दर्यावर्दी

भोकावर आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवा, नायलॉनची, धातूची नको. आणि भोक ३ मिमीपेक्षा मोठं ठेवायचंच नाही.